एक अंश मिळवून

कपाळाला हात लावून ताप बघणारी माणसं मला सहन होत नाहीत. तसा मी स्वभावाने गरीब आहे. रांगेत कोणी पुढे घुसलं तर मीच एक पाऊल मागे सरकतो. पण कोणी कपाळाला हात लावून "अंग जरा कोमट लागतंय" म्हणालं की माझं डोकं फिरतं. कोमट म्हणजे किती? कोणाच्या मानाने? आणि तुमचा हात शेवटचा कधी तपासून घेतला होता?

हे विचारायचा मला अधिकार आहे, कारण मी थर्मामीटर तपासतो. दवाखान्यांचे, दूध डेअऱ्यांचे, शीतगृहांचे थर्मामीटर आमच्या प्रयोगशाळेत येतात, आणि ते खरं बोलतात की खोटं हे मी ठरवतो. एकोणीस वर्षं झाली. तापमानाच्या बाबतीत मला कोणी काही शिकवावं असं आता उरलेलं नाही, असं मी नम्रपणे म्हणत असे. म्हणत असे, हे लक्षात असू द्या.

या कामातला सगळ्यात सुरेख भाग सकाळी असतो. शुद्ध पाण्याचा बर्फ किसायचा, त्यात थोडं गार पाणी कालवायचं आणि थर्मामीटर त्यात उभा करायचा. मग वाट बघायची. पारा उतरत उतरत शून्याच्या रेघेवर येतो आणि तिथे थांबतो. बर्फ वितळत राहतो, पारा हलत नाही. खिडकीतून ऊन भांड्यावर येतं, बर्फाचे खडे आपोआप थोडे खाली बसतात, आणि मला तंद्री लागते. त्या तंद्रीत मी कुठे कुठे जाऊन येतो, ते सांगण्यासारखं नाही. साहेब तीनदा हाक मारतात तेव्हा परत येतो. साहेबांचं सगळंच तीनदा असतं. तीनदा मोजल्याशिवाय त्यांचा स्वतःच्या बोटांवरही विश्वास बसत नाही.

लोकांना वाटतं, थर्मामीटर दुसऱ्याचं तापमान सांगतो. तसं नसतं हो. तो बिचारा फक्त स्वतःचं सांगतो. पारा तापला की फुगतो, नळी केसासारखी बारीक, म्हणून फुगलेला पारा वर चढतो, एवढीच ती करामत. आपण त्याला दुसऱ्याजवळ ठेवायचं आणि तो दुसऱ्याइतकाच गरम होईपर्यंत गप्प बसायचं. घाई केली की आकडा चुकतो.

हे सगळं मी सासऱ्यांना समजावून सांगितलं, ते मास्तरीणबाई गेल्या त्या दिवशी.

मास्तरीणबाई म्हणजे कोंबडी. मान वर करून, एकेक पाऊल मोजून टाकत, वर्गात फिरल्यासारखी अंगणात फिरायची म्हणून तिचं हे नाव. सासूबाई गेल्यावर सासरे आपलं घर सोडून आमच्याकडे राहायला आले, ते एक ट्रंक, एक जाड शाल आणि ही कोंबडी घेऊन. सासूबाईंनी तिला पिल्लू असल्यापासून वाढवलं होतं. चार महिने झाले होते. ते मला "जावईबापू" म्हणत, मी त्यांना "बाबा" म्हणत असे, आणि त्यानंतर दोघांनाही पुढे काय बोलावं ते सुचत नसे.

शेजारचा कोंबडा कुंपणावरून येऊन-जाऊन असायचा. मास्तरीणबाईंनी सात अंडी घातली, टोपलीत बसायची तयारी केली आणि त्याच सकाळी मान टाकली. वय झालं होतं. बाबा टोपलीशेजारी पाटावर बसून राहिले. जेवले नाहीत. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "तिच्या हातची ही शेवटची."

'तिच्या' म्हणजे कोंबडीच्या नव्हे, हे आम्हाला कळलं. बायको माझ्याकडे बघायला लागली. मग मी घसा साफ केला.

"बाबा, काळजी सोडा. एकविसाव्या दिवशी सातही पिल्लं तुमच्या ओंजळीत देतो. अंड्याला लागतं काय? साडेसदतीस अंश. आणि अंश हा माझा धंदा आहे."

लाकडी खोकं, त्यात एक दिवा, ओलाव्यासाठी पाण्याची बशी, आणि दिवा कमीजास्त करायला बाहेर एक बटण, अशी पेटी मी दोन तासांत बनवली. थर्मामीटरही माझ्याकडे होता. प्रयोगशाळेतून बाद झालेला, कारण तो नेहमी बरोबर एक अंश कमी दाखवतो. साडेसदतीस असेल तर साडेछत्तीस. मला तो फार आवडतो. रोज मोजून तेवढंच खोटं बोलणारा माणूस खऱ्याइतकाच भरवशाचा. त्याने दाखवलं त्यात एक मिळवायचा, संपलं.

शिवाय आमच्या प्रयोगशाळेचा एक नियम मी घरी लागू केला. वाचणारा वेगळा आणि दुरुस्ती करणारा वेगळा. दोन्ही कामं एकाने केली की मन आपल्याला हवा तो आकडा दाखवतं. म्हणून बायको आकडा वाचून वहीत लिहिणार, मी वही बघून एक मिळवणार आणि बटण फिरवणार. ती घरीच पडदे शिवते, पेटी तिच्या मशीनजवळच होती.

"थर्मामीटर एक अंश कमी दाखवतो, हे ध्यानात ठेव," मी तिला बजावलं.

"ठेवलं," ती म्हणाली. तोंडात टाचण्या होत्या.

आणि बाबांचं काम, दिवसातून तीनदा अंडी हलक्या हाताने उलटायची.

तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "जावईबापू, हाताला जरा गार लागतायत."

मी वही उघडली. साडेछत्तीस. एक मिळवला, साडेसदतीस. देवाने स्वतः ठेवल्यासारखं तापमान.

"बाबा, हातावर विश्वास ठेवू नका. थांबा, दाखवतो."

मी तीन पातेली मांडली. एकात गरम पाणी, एकात गार, मधल्यात कोमट. त्यांचा उजवा हात गरम पाण्यात, डावा गार पाण्यात. पाच मिनिटांनी दोन्ही हात मधल्या पातेल्यात घालायला सांगितले.

"काय वाटतं?"

"उजवा म्हणतो गार आहे. डावा म्हणतो गरम आहे."

"आणि पाणी एकच. कळलं ना? हात खोटं बोलतात."

बाबा बराच वेळ दोन्ही हात पाण्यात धरून बसले. मग पुसत म्हणाले, "चाळीस वर्षं याच हातांनी अंडी बघितली. आता तुमच्या आकड्यावर सोडतो." त्या दिवसापासून ते फडक्यात धरून अंडी उलटायला लागले. मला वाटलं, चला, एक माणूस सुधारला.

सातव्या दिवशी आम्ही तिघं पडद्यांच्या कपाटात शिरलो, कारण घरात दुपारी अंधार तिथेच होता. मी एकेक अंडं बॅटरीवर धरलं. आतून ते केशरी उजळलं, बारीक लाल शिरांचं जाळं दिसलं, आणि मध्ये एक ठिपका. ठिपका उडत होता. आम्ही तिघं पडद्यांच्या कापडात गुरफटून, एकमेकांचा श्वास ऐकत, त्या ठिपक्याकडे बघत राहिलो. किती वेळ, कोण जाणे. मी आजवर तापमान मोजलं होतं, पण ते कशासाठी लागतं ते बघितलं नव्हतं. बाबांनी अंधारात माझा खांदा धरला. दाराची घंटा वाजली, पडदे न्यायला आलेल्या बाईंना आम्ही तिघं एका कपाटातून बाहेर येताना दिसलो, आणि त्यांनी पुढचे पडदे दुसरीकडे शिवायला टाकले.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत, इतके ते मऊ होते. पेटीच्या फटीतून उजेड यायचा, मशीन घरघरायचं, बाबा पाटावर डुलक्या घ्यायचे. मी कामावरून आलो की त्यांच्या शेजारी बसायचो आणि मलाही डुलकी लागायची. स्वप्नात सात पिल्लं ओळीने शून्याच्या रेघेवरून चालत जायची.

एकविसावा दिवस उजाडला. आम्ही पेटीभोवती बसलो. काही नाही. संध्याकाळ झाली. काही नाही. बाविसाव्या दिवशी सकाळी मी वही चाळली. सगळीकडे साडेछत्तीस, साडेछत्तीस, क्वचित छत्तीस पूर्णांक सहा. मी बावीस दिवस बिनचूक होतो.

"बाबा," मी म्हणालो, "आता काही व्हायचं नाही."

बाबांनी पेटीवर हात ठेवला. "दुपारी मैदानातल्या झाडाखाली पुरून येतो," म्हणाले. "तिथे ऊन चांगलं येतं." मला ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मी थर्मामीटर आणि वही घेऊन प्रयोगशाळेत गेलो. कोणीतरी गुन्हेगार असलाच पाहिजे. बर्फ किसला, थर्मामीटर उभा केला, वाट बघितली. त्या दिवशी तंद्री लागली नाही. पारा शून्याच्या एक रेघ खाली जाऊन थांबला. बरोबर एक. बिचारा निर्दोष होता.

मी बायकोला फोन लावला. ती एका घरी पडदे लावायला गेली होती.

"वाचताना डोळा पाऱ्याच्या अगदी समोर धरत होतीस ना?"

"हो हो."

"खालून बघितलं की आकडा चुकतो."

"अहो, समोरूनच बघत होते. आणि तुमचा तो एक मिळवूनच लिहीत होते."

मी वही पुन्हा उघडली.

"काय मिळवून?"

"एक. कमी दाखवतो म्हणालात ना? मी मापं घेते तेव्हा शिलाईचं मार्जिन धरूनच लिहिते. उघडं माप लिहिलं की पुढे कापणारा फसतो."

तर असं होतं. थर्मामीटर दाखवायचा साडेपस्तीस, ती लिहायची साडेछत्तीस, मी समजायचो साडेसदतीस. खरं तापमान साडेछत्तीस. बावीस दिवस अंडी एक अंश गार होती. बाबांचा हात तिसऱ्या दिवशीच खरं बोलला होता, आणि मी त्याला पातेल्यात बुडवून खोटं ठरवलं होतं.

आणि मग मला दुसरी गोष्ट उमगली. एका अंशाने अंडं मरत नाही. उशीर होतो. एखादा दिवस, दोन दिवस. ती अंडी मेलेली नव्हती, मागे राहिली होती.

"बाबा कुठे आहेत?"

"मी निघाले तेव्हा टोपली आणि खुरपं घेऊन मैदानाकडेच निघाले होते. का हो?"

"पळ तिकडे."

"मी शिडीवर आहे. तुम्ही पळा."

मी बर्फातून थर्मामीटर उपसला आणि पळालो. तो का घेतला ते विचारू नका, सैनिक बंदूक टाकून पळतो का? दारात साहेब आडवे आले. "कुठे? कुठे? कुठे?"

"साहेब, सात जीव धोक्यात आहेत. घरातलेच."

साहेब भिंतीला लागून उभे राहिले आणि मला वाट दिली.

आता हिसका बसला की पारा मध्येच तुटतो, म्हणून काचेचा थर्मामीटर घेऊन धावताना तो सरळ उभा धरावा लागतो. एकोणीस वर्षांची सवय. त्यामुळे पांढरा कोट, हातात मेणबत्तीसारखा धरलेला थर्मामीटर, आणि कमरेवरचं शरीर अजिबात न हलवता फक्त पायांनी धावणारा इसम, असं दृश्य भर बाजारातून चाललं होतं. चपलांच्या दुकानातल्या बाईंनी मला बाहीला धरून थांबवलं.

"डॉक्टर, एक मिनिट. आमच्या ह्यांना सकाळपासून ताप आहे म्हणतात. जरा बघा."

त्यांचे 'हे' खोक्यांच्या ढिगामागे पांघरूण घेऊन पडले होते. मी काही बोलायच्या आत बाईंनी माझ्या हातातल्या थर्मामीटरकडे वाकून बघितलं. तो नुकताच बर्फातून निघालेला.

"बारा," बाई नवऱ्याकडे वळल्या. "बारा आहे फक्त. उठा. गिऱ्हाईक आलंय."

"बाई, तो अजून स्वतःचंच..." मी म्हणालो. पण नवरा उठून चपला दाखवायला लागलासुद्धा, आणि मला सिद्धान्त सांगायला वेळ नव्हता.

मैदानात पोचलो तेव्हा छातीचा भाता झाला होता. झाडाखाली बाबा बाकावर बसले होते, शाल गळ्यापर्यंत ओढून, डोळे मिटून. शेजारी रिकामी टोपली. समोर ताज्या मातीचा छोटा उंचवटा.

मी गुडघ्यांवर बसलो, थर्मामीटर कोटाच्या वरच्या खिशात सरळ उभा केला आणि दोन्ही हातांनी उकरायला लागलो. माती उडत होती. मी काहीतरी बोलतही होतो. बहुतेक क्षमा मागत होतो. कोपरापर्यंत हात गेला तरी अंडं लागेना.

"जावईबापू," वरून आवाज आला, "काय हरवलं?"

"अंडी, बाबा. ती मेलेली नाहीत. चूक माझी झाली. तुमचा हात बरोबर होता."

बाबांनी शाल बाजूला केली. सदऱ्याच्या आत, पोटाशी, सातही अंडी होती.

"पुरायच्या आधी एकदा हातात घेतली," ते म्हणाले. "फडक्याशिवाय. म्हटलं, आता तुमचा नियम काही लागू नाही. तर एकाने आतून टकटक केलं. दार वाजवणाऱ्याला पुरायचं कसं? खड्डा बुजवून टाकला."

मी त्यांच्या शेजारी बसलो. मातीचे हात कोटाला पुसले, खिशातून थर्मामीटर काढला आणि न विचारता त्यांच्या शालीत सरकवला. मग आम्ही वाट बघितली. ऊन पानांमधून खाली येत होतं आणि शालीवर हलत होतं. मैदानाच्या पलीकडे कोणीतरी सायकल शिकत होतं, सारखं पडत होतं, सारखं उठत होतं. बाबांचा श्वास संथ चालला होता आणि थोड्या वेळाने माझाही तसाच चालायला लागला. मला फार बरं वाटलं. चार महिन्यांत आम्ही पहिल्यांदाच काही न बोलता बसलो होतो आणि काही बोलायला हवं असं वाटत नव्हतं.

थर्मामीटर काढला. साडेछत्तीस. मी एक मिळवला, एकदाच. साडेसदतीस.

"किती?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही जितके आहात तितकंच हवं होतं."

गोष्ट इथे संपली असती तर माझी अब्रू राहिली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर निघालो तेव्हा चार पिल्लं बाहेर आली होती, पाचवं येत होतं आणि एका अंड्याला नुकती चीर पडली होती. प्रयोगशाळेत साहेब दारातच उभे. "घरचे कसे आहेत? घरचे कसे आहेत? घरचे कसे आहेत?" त्यांना खरा प्रकार सांगितला. त्यांनी खूप वेळ विचार केला आणि म्हणाले, "सातही वाचले तर ते बघण्यासारखं आहे."

अकरा वाजता बायकोचा फोन आला. "सहा झाली."

मी मनात हिशोब केला. सहा झाली, आणि ते चीर पडलेलं अजून आत असणार. ते मिळवून सात.

"सातही सुखरूप," मी साहेबांना आणि साऱ्या प्रयोगशाळेला जाहीर केलं. टाळ्या पडल्या. मी एका अंशाची चूक आणि उबवणीचा विलंब यावर दहा मिनिटं बोललोही. दुपारच्या सुट्टीत साहेब माझ्याबरोबर घरी आले.

बाबा पाटावर शाल पांघरून बसले होते आणि पिल्लं त्यांच्या पायांशी वर्गात फिरल्यासारखी फिरत होती. साहेब खाली बसले आणि मोजायला लागले.

"सहा." परत मोजली. "सहा." परत मोजली. "सहा. सरासरी सहा."

मी बायकोकडे बघितलं. तिने हळूच सांगितलं, "चीर पडलेलं येणारच होतं ना? मी ते धरूनच सांगितलं तुम्हाला." सातवं अंडं शेवटपर्यंत गारच राहिलं होतं. बाबांनी ते सकाळीच झाडाखाली नेऊन ठेवलं होतं.

"तुम्ही मला सात सांगितलेत," साहेब म्हणाले. आवाज मऊ होता, पण आमच्या धंद्यात या वाक्याचा अर्थ काय होतो ते मला माहीत होतं. एकोणीस वर्षांत माझा एकही आकडा परत आला नव्हता. कानशिलं तापली. किती अंश ते सांगू शकणार नाही.

"सातवं इथे आहे," बाबा म्हणाले.

आम्ही तिघांनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी शालीवरून पोटापाशी हात ठेवला होता.

"नाजूक आहे जरा. आत्ताच डोळा लागलाय. उठवू नका."

साहेब चवड्यांवर उठले, शालीकडे तीनदा बघितलं आणि हलक्या पावलांनी दाराबाहेर गेले. "सात," असं पुटपुटत गेले.

दार लागल्यावर मी बाबांजवळ बसलो. "बाबा, शालीत काय आहे?"

बाबांनी माझा तो बाद झालेला थर्मामीटर बाहेर काढला. काल मैदानातून येताना त्यांच्याकडेच राहिला होता. "यालाही जरा ऊब दिली," म्हणाले. मग तो डोळ्यासमोर धरून, मी शिकवलं होतं तसा अगदी समोर, त्यांनी आकडा वाचला. "साडेसदतीस."

मी सवयीने एक मिळवला आणि दचकलो. साडेअडतीस म्हणजे यांना ताप आहे.

"बाबा, हे मिळवून सांगितलंत, की न मिळवता?"

बाबांना झोप लागली होती, हात सैल पडला होता, पारा उतरायला लागला होता, आणि दोन पिल्लं शालीची कड शोधून आत शिरत होती. मी दाराकडे बघितलं. साहेब लांब गेले होते. बायको मशीनवर वाकली होती. कोणी बघत नाही अशी खात्री केली, आणि बाबांच्या कपाळाला हात लावला.

ठीक लागलं.